पहिली तोडणी

“सात वर्सां झाली, माझ्या शेतात कागद रोवतत. कागदाक खंय शेंगो धरतत? आणि आता म्हणे आमी बी बदललां. आमी.”

शेवंतीमावशी हे कोणाला सांगत नव्हती. चुलीपुढे बसून नारळ खवता खवता ती आदोळीला, म्हणजे खवणीच्या विळीला, सांगत होती. पण स्वयंपाकघराचं जनेल बाहेरच्या सोप्यावर उघडत होतं, आणि त्या जनेलाच्या बरोबर खाली क्षमा गावस मांडीवर रजिस्टर घेऊन बसली होती. क्षमाने घसा खाकरला. आतली आदोळी क्षणभर थांबली आणि मग दुप्पट जोराने सुरू झाली. म्हणजे ते तिला ऐकू जावं म्हणूनच चाललं होतं.

“मावशे, धाकूदादा खंय?”

“शेतात. बी बदलूक गेलो.”

क्षमा हसली नाही. एरवी हसली असती, पण तिच्या पिशवीत एक कागद होता. परवा, बुधवारी, वरच्या ऑफिसची समिती हे शेत बघायला लाटंबार्शात येणार होती, आणि तिच्यापुढे ठेवायचा अहवाल तयार होता. त्याच्या शेवटून दुसरी ओळ अशी होती: ‘सहभागी शेतकऱ्याकडून बियाण्यात बाहेरील बी मिसळले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ खाली तीन सह्यांच्या जागा. तिसरी क्षमाची. तिन्ही सह्या झाल्या की सात वर्षांचं पीक तिथेच थांबणार होतं, मावशीच्या मुलाचं, धाकू गावकराचं, नाव केंद्राच्या यादीतून जाणार होतं, आणि दूध घालायला सोसायटीत गेला की लोक त्याच्याकडे बघून गप्प होणार होते. बी मिसळणारा, एवढं एक नाव माणसाला आयुष्यभर पुरतं.

बातमी मावशीपर्यंत कशी पोचली, हे विचारायची गरज नव्हती. केंद्राची जीप गोकुळदास चालवायचा, आणि जीपपेक्षा त्याचं तोंड वेगात चालायचं.

क्षमा केंद्रात शेत-सहाय्यक होती. बारावीनंतर कॉलेजचं तोंड न बघता, शेताच्या मेरांवरून, बांधांवरून चालून चालून ती जे काय शिकली ते शिकली. दर मार्चमध्ये तिला पुढच्या वर्षाच्या नेमणुकीची ऑर्डर मिळायची. अशा बारा ऑर्डरी तिने फायलीत लावून ठेवल्या होत्या. केंद्र डिचोलीच्या अलीकडे, चारापिकांवर काम करणारं, लहानसं. इतकं लहान की बसवाले त्याच्यासमोर थांबायचे ते शेजारच्या काजूच्या कारखान्यासाठी.

सुरुवातीला तिथे ओट आला होता. ओट म्हणजे जई, आणि त्याच्या जोडीला व्हेच नावाची वाटाण्याच्या कुळातली एक वेल. थंड मुलखात दोन्ही एकत्र पेरतात; ओट उभा राहतो, वेल त्याला धरून वर चढते, दाणाही मिळतो आणि वाळवून ठेवायला सकस चाराही. कागदावर इतकं गुणी पीक क्षमाने दुसरं पाहिलं नव्हतं. पण लाटंबार्शात डिसेंबरातही दुपारी पदराने गळा पुसावा लागतो. ओट वीतभर वाढला आणि घाईघाईने लोंबीला आला, जणू त्याला लवकर आटपून घरी जायचं होतं. व्हेच उगवली, चार पानं काढली आणि विचारात पडली ती पडलीच. धाकूच्या गायीने ते दोन्ही हुंगलं आणि मान वर करून धाकूकडे बघितलं. प्रयोगाचा निकाल खरं तर तिथेच लागला होता. केंद्राला तो लिहायला दोन वर्षं लागली.

मग तारा मॅडम आल्या. घाटावरच्या, कराडकडच्या, तेव्हा सत्तावीस वर्षांच्या. त्यांनी शेवंतीमावशीच्या हातचे अळसांदे पहिल्यांदा खाल्ले आणि म्हणाल्या, “आपण परक्या वेलीच्या मागे का लागलोय? ही इथली वेल आहे की.” गावठी अळसांदा म्हणजे इथली चवळीच; दाण्याला टपोरा, चवीला चांगला, वेलही भरपूर, पण सावकाश येणारा. भात कापल्यावर वायंगणात, हिवाळी हंगामात, पेरला की जमिनीतली ओल त्याला शेवटपर्यंत पुरत नाही. मॅडमनी त्याचा संकर एका बुटक्या, लवकर येणाऱ्या चवळीशी केला. दाणा माणसाला, वेल गुरांना, आणि हे सगळं सत्तर दिवसांच्या आत. एवढंच मागणं होतं.

संकर झाला म्हणजे लगेच एकसारखी झाडं निघतात असं नाही. पहिली काही वर्षं त्या शेतात बारा तऱ्हा असतात. कोणी घाईचं, कोणी आळशी, कोणी नुसतंच पाल्याचं. दर वर्षी त्यातलं लवकर पिकलेलं, भरलेलं बी ठेवायचं आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचं. सहा-सात वर्षांत शेत आपोआप हवं ते निवडून घेतं. मॅडमनी हे सगळं पहिल्याच दिवशी धाकूच्या सोप्यावर कदेलीवर बसून समजावून सांगितलं होतं, आणि खुर्चीचा एक पाय लंगडा असल्यामुळे सांगता सांगता त्या सारख्या डुलत होत्या.

धाकूने मान हलवली होती. त्याने आधी वीस वर्षं शिरगावला खाणीवर ट्रक चालवला होता. खाण बंद झाली तसा तो घरच्या शेतावर आला. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायची त्याला सवय होती. बीही त्याने दर वर्षी सांगितल्यासारखंच ठेवलं, वेगळ्या डब्यात, राख लावून, वर चिठ्ठी.

आणि शेत दर वर्षी मागे मागे जात राहिलं. पहिल्या वर्षी रजिस्टरात पहिल्या तोडणीला दिवस लिहिले होते सहासष्ट. मग एकोणसत्तर. मग बहात्तर. यंदा ब्याऐंशी. केंद्राच्या आवारात तुलनेसाठी त्याच संकराच्या चार ओळी होत्या; त्या मात्र सात वर्षं साठाच्या आसपासच येत होत्या. माती तपासली, पाणी तपासलं, खाणीची धूळ तपासली. सगळं ठीक निघालं. मग राहिलं काय, तर माणूस.

धाकू वेलीचा भारा डोक्यावर घेऊन आला. पन्नाशीचा, किडकिडीत. भारा गोठ्यापाशी टाकून त्याने गमछ्याने तोंड पुसलं.

“क्षमाताय, ही वेल बगा. कमरेएवढी इली. दोनय गायींका पुरान उरता. सुकवन ठेवलंय तर पावसापर्यंत बघूक नको.”

वेल खरंच देखणी होती, हिरवीगार आणि पानांनी भरलेली. उशिरा येणाऱ्या झाडाला पाला जास्त असतो. क्षमाला ते माहीत होतं, आणि म्हणूनच तिला वेलीचं कौतुक करवेना.

“धाकूदादा, खरं सांगा. बी कमी पडलं म्हणून कधी म्हापशाच्या बाजारातून आणून घातलंत? एखाद्या वर्षी? शुक्रवारी?”

“ना.”

“शेजारचं कोणाचं मिसळलं असेल?”

“ना.”

“मग?”

धाकूने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या रजिस्टराकडे, मग गोठ्याकडे. “जेवक बसा,” तो म्हणाला. “आवयनं वाडलां.”

जेवायला अळसांद्यांचं तोणाक होतं, भाजल्या खोबऱ्याच्या वाटणात दाट शिजवलेलं, आणि सकाळी पाववाल्या पोदेराने टाकलेले उंडे. क्षमाने उंडा मोडून तोणाकात बुडवला. दाणा तोंडात विरघळला. टपोरा, पातळ सालीचा, गोडसर. गेल्या गुरुवारी तिच्या घरीही हेच शिजलं होतं. नवऱ्याने दोनदा मागून घेतलं होतं.

“मावशे, हे अळसांदे खंयचे गे?”

“खंयचे म्हणजे? आमच्याच शेतातले. पयल्या तोडीचे. राखणदाराक दिले, वाड्यावर वाटले, आणि उरले ते. तुझ्या घराक धाडले नाय? गोकुळदासाच्या हातीन?”

“धाडलेले.”

“मगे?”

“पहिली तोडणी तर परवा झाली. मी मापून गेले.”

शेवंतीमावशीने पळी तोणाकात उभी ठेवली. “ती तुझी पयली. आमची पयली तेच्या आठ दिस आदी. दर वर्सा तसांच. तुका म्हायत नाय?”

क्षमाला माहीत होतं. हीच तर गंमत होती, की तिला अगदी पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

पहिल्या वर्षी ती काटा घेऊन पहिल्या तोडणीच्या दिवशीच आली होती. शेंगांची टोपली काट्यावर ठेवायला वाकली तर मावशीने काट्यावर हात ठेवला. “हां मापूचां नाय, बाय. मापलेलां देवाक चलना नाय.” गावकरांच्या वाड्यावर पहिली तोडणी न मापता निघते. शेताच्या मेरेवर राखणदाराचा, म्हणजे शेत राखणाऱ्या देवाचा, दगड आहे, वर कुंब्याचं झाड; पहिल्या पाच ओंजळी त्याच्यापुढे. मग वाड्यावरच्या घरांना, मग शेतात ज्याचा ज्याचा हात लागला त्याला. घरात उरेल ते तोणाकाला. क्षमाचं माहेर पेडण्यातलं. तिची आईसुद्धा पहिली काकडी कधी मापून देत नव्हती. त्यामुळे तिने काटा मुकाट्याने पिशवीत घातला, आठ दिवसांनी परत आली, आणि रजिस्टरात ‘पहिली तोडणी’ असं छापलेल्या रकान्यात दुसरी तोडणी लिहिली. राखणदारासाठी रकाना नव्हता. एका तोडणीने काय बिघडतंय, असं तिला वाटलं होतं. पुढच्या वर्षी तर वाटायचीही गरज उरली नाही, हाताला सवय झाली.

तिने उंड्याचा तुकडा ताटात ठेवला.

लवकर येणारं झाड एकदम येतं आणि एकदम आटपतं. त्याच्या जवळजवळ सगळ्या शेंगा पहिल्या तोडणीतच निघतात. दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीला राहतात ती रेंगाळणारी झाडं. बी ठेवलं ते रजिस्टरात पहिली म्हणून लिहिलेल्या दुसऱ्या तोडणीचं. म्हणजे मॅडमना हवी होती ती झाडं दर वर्षी आधी दगडावर गेली, मग पातेल्यात गेली, आणि पुढच्या वर्षीसाठी मागे राहिले ते आळशी. त्यातलेही जे जरा चटपटीत निघाले ते पुढल्या वर्षी पातेल्यात. सात वर्षं त्यांनी निवड केली होती, अगदी काटेकोर. फक्त उलटी. केंद्राच्या चार ओळींचं असं काही झालं नाही, कारण केंद्रात राखणदार नव्हता, वॉचमन होता, आणि त्याला अळसांदे आवडत नव्हते.

“कित्यां गे, तिखाट झालां?” मावशीने विचारलं.

“नाही मावशे. झकास झालंय.”

समोर धाकू ताटात बघून जेवत होता. इतक्या लक्षपूर्वक कोणी तोणाक खात नाही.

जेवण झाल्यावर ती त्याच्याबरोबर मेरेपर्यंत गेली. राखणदाराच्या दगडावर वाळलेल्या शेंगांची टरफलं होती, दाणे खारींनी नेलेले.

“तुम्हाला कधी कळलं?” तिने विचारलं.

धाकूने न कळल्यासारखं केलं नाही. “दोन वर्सां झाली. खाणीवर ट्रकांची लायन लागायची. फुडले चार ट्रक भरून गेले, की पाचवो म्हणता, मी पयलो. रोज बगलेलां ता. मग एक दिस शेतात बसलंय आणि ध्यानात इलां.”

“आणि बोलला नाहीत?”

“काय बोलतलंय? आवयक सांगू, तुझ्या देवान पीक खाल्ल्यान?” एक वाळकी शेंग उचलून त्याने बोटांनी उकलली. ती रिकामी होती. “आणि रजिस्टर तर माझां न्हय.”

एवढं बोलून तो वेलीच्या दुसऱ्या भाऱ्याकडे वळला. क्षमा मेरेवर उभी राहिली. त्याला बी मिसळणारा म्हणणार होते, आणि तो गप्प बसला होता, कारण तोंड उघडलं असतं तर क्षमाचं रजिस्टर खोटं ठरलं असतं. मार्च आठवड्यावर आला होता. खोटं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला तेरावी ऑर्डर कोण देणार, हे ट्रक चालवणाऱ्यालाही कळत होतं. तिला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना, म्हणून तिने चपलेत गेलेला खडा काढला.

परत येताना जीपमध्ये तिने विषय काढून बघितला.

“गोकुळदास, धाकूदादा दर वर्षी तुमच्या घरी अळसांदे देतो ना?”

“देता. बरो मनीस.”

“कधी देतो?”

गोकुळदासाने गिअर बदलला, गरज नसताना. “क्षमाबाय, मी ड्रायव्हर. माका जेवणातलां काय कळता? वाडलां, खाल्लां.” मग डिचोली येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच.

मंगळवारी ती मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. तारा मॅडम आता चौतिशीच्या झाल्या होत्या. टेबलावर अहवालाच्या चार प्रती होत्या, चारही वेगवेगळ्या. शेवटून दुसरी ओळ प्रत्येकीत वेगळ्या पद्धतीने लिहिलेली. मॅडमना ती लिहिणं जड जात होतं, हे क्षमाला दिसत होतं.

“बसा ना, क्षमाताई. मी धाकूदादांना दोष देत नाही. मुद्दाम केलं असं तर मुळीच म्हणत नाही. पण समितीला कारण द्यावं लागतं. माती नाही, पाणी नाही. मग?”

“मॅडम, तोडणीच्या तारखा...”

“तारखा तुमच्या हातच्या आहेत म्हणूनच तर मी निश्चिंत आहे. सगळ्या प्रयोगात डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी एकच गोष्ट आहे, तुमचं रजिस्टर. समितीच्या सरांनाही मी तेच सांगितलंय.”

क्षमाने रजिस्टर टेबलावर ठेवलं होतं ते उचलून परत काखेत घेतलं. ती म्हणाली, “आपण जेवतो ना मॅडम तिथे. दर वर्षी. शेंगा यायला लागल्या की.”

“हो ना. यंदा माझं राहूनच गेलं.” मॅडम हसल्या. “तोणाक आणि उंडे. बाजारातल्या अळसांद्यांना ती चव नाही. मी एकदा आणून बघितले, नाहीच.” मग त्यांचं हसू जरा मागे आलं. “ते... आपण खातो ते, कधीच्या तोडणीचं असतं?”

क्षमाने तोंड उघडलं. पण मॅडमनी तेवढ्यात एक प्रत उचलली, दुसरीवर ठेवली, कडा जुळवल्या, आणि म्हणाल्या, “असो. उद्या सर साडेदहाला पोचतील. खुर्च्या सावलीत घ्यायला सांगा.”

क्षमा दारापर्यंत जाऊन वळली. मॅडम त्याच जुळवलेल्या कडा पुन्हा जुळवत होत्या. त्यांना प्रश्न पडला होता, आणि तो त्यांनी नीट घडी करून प्रतींच्या खाली ठेवला होता. क्षमाला त्यांचं नवल वाटलं नाही. स्वतःच खाल्लेल्या संशोधनाचा अहवाल लिहायची वेळ कोणावर येऊ नये.

बुधवारी सर साडेदहाला नाही, पावणेअकराला आले. साठीला टेकलेले, डोक्यावर सुती टोपी, बोलणं मऊ. बरोबर दोन अधिकारी, त्यांतला एक सारखा बुटांकडे बघणारा. सर शेतात उतरले, वाकून झाडं बघितली, शेंग फोडून दाणा दाताखाली धरला.

“दाणा तर छान आहे,” ते म्हणाले. “वेलही छान आहे. फक्त उशीर. पंचवीस फेब्रुवारी आली आणि निम्मं शेत अजून फुलतंय. जमिनीत ओल आहे का आता?”

“ना सर,” धाकू म्हणाला.

“मग हे भरणार कसं?”

“भरूचां नाय, सर.”

प्रश्न विचारावा तसं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न अवघड होतो. सरांनी टोपी काढून परत घातली. “धाकूजी, तुम्ही बी कुठलं पेरता?”

“घरचां.”

“घरचं म्हणजे केंद्राने दिलेलं, तेच? दुसरं काही नाही?”

“दुसरां काय नाय.”

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी शेताकडे बघितलं. बुटांकडे बघणारा अधिकारी म्हणाला, “असं सगळेच म्हणतात,” आणि ते इतक्या हळू म्हणाला की सगळ्यांना ऐकू आलं.

शेवंतीमावशीला घरीच बसायला सांगितलं होतं. ती चहाची किटली घेऊन मेरेवरून आली, हळूहळू, एक हात कमरेवर. तिने सरांच्या हातात कप दिला आणि समोर उभी राहिली.

“आजी, शेत तुमचं ना?” सरांनी विचारलं. “तुम्हीच सांगा, बी कोण देतं?”

“राखणदार देता.”

दोन्ही अधिकारी हसले. सरही थोडे हसले. मावशी हसली नाही. “देता आणि घेता,” ती म्हणाली, आणि क्षमाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता; उलट टपालाची वाट बघणाऱ्या माणसासारखं ती बघत होती. सोमवारी जेवताना क्षमाचा घास कुठे अडकला, ते म्हातारीने पाहिलं होतं. तिखटाचं तिने नुसतं विचारलं होतं.

“आवय, जा तू घराक,” धाकू म्हणाला.

“खंय जावं? माझांच शेत.”

अहवाल जीपच्या बॉनेटवर ठेवला होता. वारा होता, म्हणून त्यावर गोकुळदासाने पाना ठेवला. सरांनी चष्मा लावून शेवटचं पान वाचलं, त्या ओळीपाशी थांबले, पुन्हा वाचली. धाकूसमोर ती मोठ्याने वाचायचा त्यांना संकोच झाला असावा. त्यांनी नुसतं बोट ठेवलं, पहिली सही केली आणि मॅडमना पेन दिलं. मॅडमनी सही केली. ती नेहमीसारखी झाली नाही, मधेच तुटली. मग पेन क्षमाच्या हातात आलं.

“रजिस्टर यांचं,” मॅडम सरांना म्हणाल्या. “सातही वर्षांचं.”

“वा. अक्षर सुरेख आहे,” सर म्हणाले.

क्षमाने पेनाचं टोपण काढलं. तिसऱ्या जागी तिचं नाव टाइप केलेलं होतं, क्षमा गावस, शेत-सहाय्यक. तिच्या डोक्यात एकदम भलतंच आलं, की तेरावी ऑर्डर आली तर ती लावायला फायलीत जागा नाही, नवी फाइल घ्यावी लागेल.

“करा सही, क्षमाताय,” धाकू म्हणाला. शांतपणे, चहा घ्या म्हणावं तसं. “माका काय त्रास नाय. गायींका वेल मिळाली, पुरे.”

गोकुळदास जीपच्या मागच्या चाकाची हवा बघायला वाकला. मॅडम मेरेवरच्या कुंब्याच्या झाडाकडे बघत होत्या. बुटवाल्या अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. शेवंतीमावशीने रिकामी किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

क्षमाने पेन कागदावर टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला. मग तिने पेन उचललं, टोपण लावलं, आणि ते पान्याच्या शेजारी ठेवलं, घरंगळू नये म्हणून आडवं.

“सर,” ती म्हणाली, “ह्या शेतातली पहिली तोडणी सात वर्षांत एकदाही मापली गेली नाही. रजिस्टरात पहिली म्हणून लिहिलीय ती दुसरी आहे, आणि ती मी लिहिलीय, जाणूनबुजून. धाकूदादांनी बी बदललं नाही. लवकर येणारं जेवढं होतं तेवढं दर वर्षी आधी राखणदाराला गेलं, आणि बाकीचं आम्ही खाल्लं. मी खाल्लं, मॅडमनी खाल्लं, गोकुळदासाने खाल्लं. बी आम्हीच खाल्लं, सर.”